भाषा जिवंत झाली, मग गप्प कोण झालं?

तेल अवीवमध्ये दोन मित्र रस्त्यात भेटले की एकमेकांना विचारतात, 'मा निश्मा?' आपल्या 'काय चाललंय?'सारखंच हे. शब्दशः अर्थ मात्र 'काय ऐकू येतंय?' असा होतो. यातले शब्द अस्सल हिब्रू आहेत. 'ऐकणे' या अर्थाचा त्यातला धातू तर ज्यूंच्या सर्वांत महत्त्वाच्या प्रार्थनेच्या नावातच आहे, 'शमा'. पण तनाखमधला, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्या ग्रंथातला, एखादा प्रेषित आज तिथे अवतरला आणि त्याला कुणी 'मा निश्मा?' विचारलं, तर तो बहुधा कान देऊन खरंच काही ऐकू येतंय का ते बघेल. कारण खुशाली विचारायची ही रीत त्याच्या काळाची नाही. ती पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेतून आली आहे. ते एकमेकांना 'वोस हेर्ट झिख?' असं विचारायचे. त्याचाही अर्थ हाच, 'काय ऐकू येतंय?'

म्हणजे शब्द हिब्रू आणि बोलायची तऱ्हा यिद्दिश. मग तेल अवीवमधले हे दोन मित्र नेमकी कोणती भाषा बोलतायत?

प्रश्न भाषाशास्त्राचा वाटतो. पण यावर गेली कित्येक दशकं जी भांडणं झाली आहेत, त्यांचा आवाज व्याकरणाच्या वर्गातल्या आवाजापेक्षा बराच मोठा आहे. या भांडणात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, असं मला वाटतं. एक, ही भाषा 'खरी' हिब्रू आहे का? दुसरा, ती रुजवताना माणसांशी कसं वागलं गेलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी दुसरा प्रश्न सुटत नाही. आणि पहिल्यावर तावातावाने भांडत राहण्यामागे, दुसऱ्याकडे बघायचं टाळणं हे एक कारण असू शकतं.

एका माणसाची गोष्ट, आणि ती का पुरत नाही

आधी प्रसिद्ध गोष्ट. एलिएझर बेन-येहुदा १८५८ साली रशियन साम्राज्यातल्या, आजच्या बेलारूसमधल्या, लुझ्की नावाच्या गावात जन्मला. १८८१ मध्ये तो ऑटोमन साम्राज्यातल्या पॅलेस्टाईनमध्ये येऊन राहिला. ज्यूंना राष्ट्र म्हणून जगायचं असेल तर त्यांची स्वतःची बोलती भाषा हवी, आणि ती हिब्रूच असायला हवी, असं त्याने ठरवलं होतं. १८८२ मध्ये त्याला मुलगा झाला. या मुलाच्या कानावर हिब्रूशिवाय कोणतीही भाषा पडता कामा नये, असा घरात नियम झाला. बेन-येहुदाने वर्तमानपत्रं चालवली, शब्द घडवले, एका महाकाय शब्दकोशाचं काम सुरू केलं. तो कोश पूर्ण होऊन त्याचे १७ खंड झाले तेव्हा १९५९ साल उजाडलं होतं. तो स्वतः डिसेंबर १९२२ मध्ये वारला. त्याच वर्षी ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाईनमध्ये इंग्रजी आणि अरबीच्या बरोबरीने हिब्रूला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला होता.

सिनेमा निघावा अशी ही गोष्ट आहे. पण इतिहासकार तिला बऱ्याच पुरवण्या जोडतात. हिब्रू ही अगदी 'मेलेली' भाषा कधीच नव्हती. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकानंतर ती कुणाची मातृभाषा उरली नाही, एवढं खरं. पण प्रार्थना, धर्मशास्त्र, कविता, व्यापारी पत्रव्यवहार हे सगळं तिच्यात चालूच होतं. अब्राहाम मापूची हिब्रू कादंबरी १८५३ मध्ये छापली गेली. १८५६ पासून 'हामागिद' हे हिब्रू साप्ताहिक निघत होतं. जेरुसलेममध्ये वेगवेगळ्या देशांतून आलेल्या ज्यूंना एकमेकांशी बोलायला मोडक्या हिब्रूचाच आधार होता. आणि भाषा घराघरांत पोचवली ती मुख्यतः शिक्षकांनी. १८८६ मध्ये रिशोन लेत्सियोन या वसाहतीत सगळे विषय हिब्रूतून शिकवणारी शाळा निघाली, १८९८ मध्ये तिथेच बालवाडी. मुलं शाळेतून हिब्रू घेऊन घरी आली आणि आईबापांना ती शिकणं भाग पडलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात झालेल्या गणतीत तिथल्या सुमारे ४० टक्के ज्यूंनी आपली भाषा म्हणून हिब्रूचं नाव सांगितलं.

शब्दही एकट्या बेन-येहुदाचे नाहीत, आणि त्याचे सगळे टिकलेही नाहीत. टोमॅटोचंच बघा. जर्मन भाषेत त्याला 'प्रेमाचं सफरचंद' म्हणायचे, म्हणून कुणीतरी कामवासनेच्या धातूवरून 'अगवानिया' असा हिब्रू शब्द बनवला. बेन-येहुदाला तो रुचला नाही. त्याने अरबीच्या जवळचा 'बादुरा' सुचवला. लोकांनी 'अगवानिया'च उचलला. भाषा घडवणाऱ्याचंही लोक सगळं ऐकत नाहीत, एवढं यातून दिसतं.

ही भाषा नक्की कुणाची लेक?

आता पहिला वाद. १९९० मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या पॉल वेक्स्लर या भाषाशास्त्रज्ञाने एक स्फोटक दावा केला: आधुनिक हिब्रू ही सेमिटिक भाषाच नाही. पूर्व युरोपातल्या लोकांनी आपल्या यिद्दिशचा सांगाडा तसाच ठेवला आणि त्यावर हिब्रू शब्द बसवले. यिद्दिशलाही तो मुळात स्लाव्हिक मानतो, त्यामुळे त्याच्या हिशेबाने ही भाषा स्लाव्हिक कुळातली ठरते.

गिलाद झुकरमनने यापेक्षा मधली भूमिका घेतली. त्याच्या मते ही एक संकरित भाषा आहे. तिला दोन मुख्य पालक आहेत, हिब्रू आणि यिद्दिश, आणि शिवाय इतर अनेक भाषांचा हातभार. म्हणून तिला हिब्रू न म्हणता 'इस्रायली' म्हणावं. २००८ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाचं नावच मुळी 'इस्रायली, एक सुंदर भाषा' अशा अर्थाचं आहे. त्याच सुमाराला शाळकरी मुलांसाठी तनाखचं आजच्या भाषेत रूपांतर छापलं गेलं आणि मोठा गहजब झाला. तनाख तर हिब्रूतच आहे, मग हिब्रू बोलणाऱ्यांना भाषांतर कशाला, असा संतापाचा सूर होता.

दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत. तनाखमधली वाक्यं बहुधा क्रियापदाने सुरू होतात, आजची कर्त्याने सुरू होतात. प्राचीन काळी घशातून काढले जाणारे काही उच्चार आज बहुतेकांच्या तोंडून ऐकूच येत नाहीत. 'किबुत्झनिक'मधला '-निक' हा प्रत्यय स्लाव्हिक-यिद्दिश आहे. उलट बाजूने, बहुतेक वेळा तीन व्यंजनांचा धातू घ्यायचा आणि त्याला वेगवेगळ्या साच्यांत ओतून शब्द पाडायचे, हे सेमिटिक भाषांचं मूळ यंत्र आजही धडधडतं आहे. नवी क्रियापदंसुद्धा त्याच साच्यातून निघतात. हाइम रोझेनसारखे भाषाशास्त्रज्ञ तर १९५०च्या दशकापासूनच म्हणत होते की तनाखच्या फूटपट्टीने चुका काढण्यापेक्षा लोक बोलतात ती भाषा जशी आहे तशी अभ्यासा.

इथवर चर्चा निरोगी आहे. बिघडते ती यानंतर. एक बाजू म्हणते, भाषा तीच आहे, म्हणून लोक तेच आहेत, म्हणून जमीनही त्यांचीच आहे. दुसरी बाजू म्हणते, भाषा बनावट आहे, म्हणून राष्ट्रही बनावट आहे. दोघंही वाक्यरचनेच्या खांद्यावर असं ओझं ठेवतायत जे तिला पेलणारच नाही. समजा उद्या निर्विवाद सिद्ध झालं की आधुनिक हिब्रू शंभर टक्के सेमिटिक आहे. त्यामुळे १९४८ मध्ये गाव सोडावं लागलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबाचा त्या गावाशी असलेला संबंध कमी होतो का? आणि समजा ती शंभर टक्के युरोपीय निघाली. त्यामुळे तिच्यात अंगाई ऐकत मोठ्या झालेल्या मुलाची ती मातृभाषा उरत नाही का?

व्याकरणातून हक्क निघत नाहीत. हक्क माणसांचे असतात, आणि माणसांनी एकमेकांचं काय केलं यावरून त्यांचा निवाडा करावा लागतो. 'कृत्रिम' ही शिवीही मला पोकळ वाटते. सगळ्याच प्रमाणभाषा कुणीतरी बसून, ठरवून, घासूनपुसून घडवलेल्या असतात. हिब्रूच्या बाबतीत घडवणाऱ्यांची नावं आणि तारखा आपल्याला माहीत आहेत, एवढंच.

घरातली पहिली प्रयोगशाळा

आता दुसरा प्रश्न, जो मला खरा वाटतो. सुरुवात बेन-येहुदाच्या घरापासूनच करू. हा मुलगा पुढे इतामार बेन-आवी या नावाने पत्रकार झाला. आई एकदा त्याला रशियन अंगाई म्हणून झोपवत होती आणि ते ऐकून वडील संतापाने बेभान झाले, अशी आठवण त्याने सांगितली आहे. तो बोलायलाही बराच उशिरा लागला.

विचार करा. ज्या भाषेत अजून खेळगडी नाहीत, शिव्या नाहीत, बडबडगीतं नाहीत, अशा भाषेत एका मुलाला एकटं ठेवलं गेलं. कारण पुढच्या पिढ्यांना ती भाषा मिळावी. उद्देश मोठा होता. पण उद्देश बापाचा होता आणि एकटेपणा मुलाचा. जी माणसं अजून जन्मलेली नाहीत त्यांच्यासाठी आज समोर असलेल्या माणसाकडून किती मागायचं? हा प्रश्न फक्त भाषेचा नाही. पण इथे तो जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दिसतो.

घरात जे एका मुलाचं झालं, तेच पुढे समाजात यिद्दिशचं झालं. १९०८ मध्ये चेर्नोव्हित्स शहरात भरलेल्या परिषदेने यिद्दिशला ज्यूंची 'एक' राष्ट्रीय भाषा म्हटलं. एकमेव म्हणायचं धाडस केलं नाही. एवढंही हिब्रूवाद्यांना खपलं नाही. झायोनवादी विचारात यिद्दिश म्हणजे परागंदा आयुष्याची, वाकलेल्या पाठीची भाषा. हिब्रू म्हणजे ताठ कण्याची. १९२३ मध्ये तेल अवीवच्या विद्यार्थ्यांनी 'भाषारक्षक पथक' उभं केलं. 'हिब्री माणसा, हिब्रू बोल' ही त्यांची घोषणा. १९२७ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात यिद्दिशचं अध्यासन काढायचा बेत विरोधामुळे बारगळला. १९३० मध्ये तेल अवीवच्या थिएटरात यिद्दिश बोलपट लागला तेव्हा खेळात धुडगूस घातला गेला. त्या बोलपटाचं नाव होतं 'माझी यिद्दिश आई'.

इथे न्यायाने बोलायला हवं. यिद्दिश हिब्रूने मारली असं म्हणणं खोटं आहे. ती बोलणारी लाखो माणसं नाझींनी मारली, सोव्हिएत राजवटीने तिचे लेखक संपवले, अमेरिकेत मुलांनी ती आपणहून सोडली. शिवाय हिब्रूवाद्यांची बाजूही पोकळ नव्हती. व्हिल्ना, बगदाद, येमेन, सालोनिका इथून आलेल्या माणसांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं होतं? यिद्दिश निवडली असती तर अरबी आणि लादिनो बोलणारे ज्यू आपोआप दुय्यम ठरले असते. १९१३ मध्ये हैफाच्या नियोजित तंत्रशिक्षण संस्थेत विज्ञान जर्मनमधून शिकवायचा घाट बर्लिनच्या एका ज्यू मदतसंस्थेने घातला, तेव्हा शिक्षक-विद्यार्थ्यांनी संप करून तो हाणून पाडला. हिब्रू कुणाच्याच घरची नव्हती, त्यामुळे ती सगळ्यांना सारखीच परकी आणि म्हणून सारखीच आपली. हा युक्तिवाद मला पटतो.

पण सारखेपणाचं वचन पाळलं गेलं का? येमेन आणि इराकमधून आलेल्या ज्यूंच्या घशात प्राचीन हिब्रूचे उच्चार शाबूत होते. ज्या मुळाचा एवढा गौरव चालला होता, त्याच्या सर्वांत जवळ तेच होते. रेडिओवर काही काळ त्या उच्चारांना मानही मिळाला. पण रस्त्यावर, शाळेत, नोकरीच्या ठिकाणी युरोपीय घशातून निघणारी हिब्रू सर्वसाधारण मानली गेली आणि येमेनी-इराकी उच्चार मागासपणाची खूण ठरले. त्यांच्या मुलांनी ते पुसून टाकले. मोजमाप खरोखर प्राचीनतेचं असतं, तर उलट घडलं असतं.

पुण्यात छापलेला हग्गादा

या गोष्टीत मराठीही आहे. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना गावोगावी शनवार तेली म्हणायचे, मराठी बोलत आले. शनिवार पाळायचा आणि 'शमा' म्हणायची एवढं त्यांनी पिढ्यानपिढ्या जपलं. एकोणिसाव्या शतकात त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पेसाहच्या, म्हणजे वल्हांडणाच्या, रात्री वाचायचा हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला, हिब्रू आणि मराठी दोन्हींत. तनाखमधल्या कथांवर त्यांनी मराठी कीर्तनं केली. त्यांच्यापुरतं हिब्रू देवाशी बोलायला होतं आणि मराठी बाकी सगळ्यासाठी. दोघींचं भांडण नव्हतं.

१९४८ नंतर हजारो बेने इस्रायल तिकडे गेले. डिमोना, लोद, बीरशेबा, अश्दोद अशा गावांत स्थिरावले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने त्यांच्या लग्नांसाठी पूर्वजांची तपासणी करायचं फर्मान काढलं. त्यांनी मोर्चे काढले, धरणी धरली आणि १९६४ मध्ये ते मागे घ्यायला लावलं. मुळाचा दाखला मागणं भाषेपुरतं थांबत नाही, तो माणसांनाही मागितला जातो, हे त्यांनी सोसून पाहिलं आहे.

मराठी तिथे अजून आहे. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथल्या बेने इस्रायलांनी चालवलं, मलिदा अजून होतो. पण नातवंडं हिब्रूत जगतात. इथे कुणा पथकाने धुडगूस घातला नाही, आणि नातवाचा यात काहीच दोष नाही. तरी आजीचा विनोद नातवाला समजायला मध्ये कुणीतरी भाषांतर करावं लागतं. ज्याला कुणी गुन्हेगार नाही असंही नुकसान असतं, आणि त्याचाही हिशेब कुठेतरी लिहून ठेवायला हवा.

हातातून निसटलेली भाषा

१९२६ मध्ये गेर्शोम शोलेम या ज्यू गूढविद्येच्या अभ्यासकाने फ्रांझ रोझेन्झ्वाइगला लिहिलेल्या पत्रात वेगळीच भीती मांडली. हजारो वर्षं देवासाठी राखलेले शब्द आपण बाजारात आणले आहेत. त्यांतली धार्मिक शक्ती मेलेली नाही, ती कधीतरी उसळेल, असा त्याचा इशारा होता. 'हश्मल' हा यहेज्केल प्रेषिताच्या दिव्य दर्शनातला शब्द आज विजेच्या बिलावर असतो. बिलाने काही बिघडत नाही. पण 'जमीन' आणि 'वचन' यांसारखे शब्द राजकारणात येतात तेव्हा शोलेमची भीती आठवते.

त्याच वेळी भाषा विचारसरणीच्या हातातून दुसऱ्या दिशेनेही निसटली. आजचा इस्रायली तरुण 'याल्ला' आणि 'सबाबा' म्हटल्याशिवाय दिवस काढत नाही. दोन्ही शब्द अरबी. अंतोन शम्मास या पॅलेस्टिनी लेखकाने १९८६ मध्ये 'अराबेस्क' ही कादंबरी हिब्रूत लिहिली, आणि हिब्रू म्हणजे ज्यूंची भाषा हे समीकरण एका पुस्तकाने हलवलं. सय्यद काशुआनेही हिब्रूतच नाव काढलं. उलट बगदादमध्ये जन्मलेला ज्यू लेखक समीर नक्काश इस्रायलमध्ये राहून मरेपर्यंत, २००४ पर्यंत, अरबीतच लिहीत राहिला आणि वाचक जवळजवळ गमावून बसला. भाषेने दार उघडं ठेवलं होतं. २०१८ च्या कायद्याने मात्र हिब्रू ही एकटीच राज्याची भाषा ठरवली आणि अरबीला अधिकृत दर्जावरून 'विशेष दर्जा'वर आणलं. लोकांच्या तोंडी अरबी वाढत असताना कायद्यात ती कमी झाली.

झुकरमनचंच पुढचं काम इथे सांगण्यासारखं आहे. हिब्रूच्या अनुभवातून शिकलेलं घेऊन तो २०११ पासून दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बार्नगार्ला या आदिवासी समाजाला त्यांची झोपी गेलेली भाषा परत मिळवायला मदत करतो आहे, एका जर्मन मिशनऱ्याने १८४४ मध्ये केलेल्या शब्दसंग्रहाच्या आधाराने. जी परत येईल ती भाषा अगदी जुनी नसेल, संकरित असेल, हे तो आधीच सांगतो. ती लोकांना तशीही हवी आहे. आणि तिच्यासाठी कुणाच्या आईला अंगाई बदलावी लागत नाही.

म्हणून मला वाटतं, भाषा जिवंत करणं हे सुंदर काम आहे, आणि हिब्रूचं उदाहरण माणसाला काय साधू शकतं याचं थक्क करणारं उदाहरण आहे. तिच्या मुळाची शुद्धता सिद्ध करायची गरज नाही आणि संकराची लाज बाळगायचीही नाही. पण जी भाषा इतक्या भाषांच्या खांद्यावर उभी राहिली, तिच्यावर त्यांचं ऋण आहे. ऋण म्हणजे अपराधभाव नव्हे. ते फेडता येतं. हिब्रू विद्यापीठात १९५१ मध्ये अखेर यिद्दिशचा विभाग निघाला. १९४९ मध्ये कवी आब्राहाम सुत्स्केव्हरने तेल अवीवमध्ये यिद्दिश त्रैमासिक सुरू केलं, तेही हिब्रूचा कैवार घेणाऱ्या कामगार महासंघाच्या पैशावर. ही फेड उशिराची आणि अपुरी होती, पण फेडच होती. अरबीच्या बाबतीत ती अजून व्हायची आहे. ती व्हायला भाषेची आडकाठी नाही. आजच्या हिब्रूत अरबी शब्दांना जागा आहेच, अरबी बोलणाऱ्यांना ती द्यायची की नाही हे माणसांनी ठरवायचं आहे.